अजून एक बाटली लावायची का? शॉकमधला पेशंट, सलाईन आणि इको

तालुक्याच्या ठिकाणी आठ खाटांचं आयसीयू रात्री एकट्याने सांभाळणाऱ्या एका फिजिशियन मित्राने विचारलंय: "५८ वर्षांचे गृहस्थ आहेत, मधुमेह, उजव्या बाजूचा न्यूमोनिया, वजन ६० किलो. दोन लिटर आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) देऊन झालं तरी बीपी ८४/५०. लघवी तासाला १५ मिली. श्वास स्वतःचा स्वतः घेताहेत, मास्कने ऑक्सिजन चालू आहे. आयव्हीसी (पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) बघितली, १.४ सेंटीमीटर आहे आणि श्वासाबरोबर साधारण चाळीस टक्के आत जाते. म्हणजे अजून पाणी द्यायचंच ना? आमच्याकडे इको मशीन आहे, पण ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) आणि आयव्हीसी सोडून मी त्यात फारसं काही बघत नाही."

आधी तातडीचं सांगतो. मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ६१ आहे, तेव्हा नॉरॲड (नॉरॲड्रेनलिन, रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) आत्ताच सुरू करा. सेंट्रल लाइनसाठी थांबू नका, कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून काही तास चालतं, फक्त सिस्टरना ती जागा सारखी बघायला सांगा. प्रेशर सावरलं की प्रोब हातात घ्या आणि बाकीचं शांतपणे वाचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'आयव्हीसी हलतेय म्हणून द्या' असं मी देणार नाही. गेली वीसेक वर्षं आयसीयूत काम करताना माझ्या हातून सर्वांत जास्त चुका याच एका वाक्यामुळे झाल्या. इकोला मी आता वेगळं विचारतो: पुढचे २५० मिली आत गेले तर हे हृदय त्यांचं काय करेल? ते पाणी पुढे ढकलेल, की मागे फुफ्फुसात साठू देईल? शरीरात किती पाणी कमी आहे हे कुठलंच इको सांगत नाही. दिलेल्या पाण्याला हृदय काय प्रतिसाद देतं, तेवढं मात्र ते फार छान सांगतं.

हे इतकं महत्त्वाचं का, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. २००१ साली अमेरिकेत इमॅन्युएल रिव्हर्स यांचा अभ्यास आला आणि सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने शरीरभर बिघाड होतो तेव्हा) सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ८ ते १२ होईपर्यंत पाणी देत राहायचं हे जगभर पक्कं झालं. आमची पिढी त्यावरच वाढली. सीव्हीपी ५ दिसला की बाटली, ७ दिसला की अजून एक. पुढे २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या तीन मोठ्या चाचण्यांत त्या पद्धतीचा वेगळा फायदा दिसला नाही. पाण्याला हृदय प्रतिसाद देईल का, हे सीव्हीपीच्या आकड्यावरून कळत नाही, हे तर त्याआधीच पुढे आलं होतं. दरम्यान २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त आजारी मुलांवरची फीस्ट चाचणी आली. बोलस (थोड्या वेळात भराभर दिलेलं सलाईन) मिळालेल्या मुलांमध्ये ४८ तासांतले मृत्यू साधारण साडेदहा टक्के होते, बोलस न मिळालेल्यांत ७.३ टक्के. २०१७ मध्ये झांबियात मोठ्या माणसांच्या सेप्सिसमध्येही तसंच दिसलं: ठरलेल्या पद्धतीने भरपूर पाणी मिळालेल्या गटात ४८ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. व्हेंटिलेटर सहज मिळत नाही अशा ठिकाणच्या या दोन्ही चाचण्या आहेत. म्हणून त्या मला पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलपेक्षा तुमच्या आठ खाटांच्या जास्त जवळच्या वाटतात. तिथे फुफ्फुसात पाणी झालेल्या पेशंटला वाचवायला दुसरा आधार नसतो.

अलीकडच्या क्लासिक आणि क्लोव्हर्स या दोन चाचण्यांत मोजकं पाणी आणि सैल हाताने दिलेलं पाणी यांत मृत्यूचा फरक दिसला नाही. काही जण यावरून 'मग काहीही करा' असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. हजार-दीड हजार पेशंटच्या सरासरीत पाण्याने वाचलेला आणि पाण्याने बुडालेला असे दोघेही एकमेकांना झाकून टाकतात. तुमच्या पलंगावरचा पेशंट त्या दोघांपैकी कोण, हे तुम्हालाच शोधायचंय. इको वापरल्याने मृत्यू कमी होतात हे मोठ्या चाचणीत ठामपणे सिद्ध झालंय, असा दावाही मी करणार नाही. पण डोळे मिटून देण्यापेक्षा बघून द्यावं, एवढं मला पुरेसं वाटतं.

एक पेशंट सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. शेतात काम करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा, चार दिवस ताप, हातपाय थंडगार, बीपी ७०. पावसाळ्याचे दिवस, प्लेटलेट ६० हजार. आम्ही डेंग्यू म्हणून धरला. धाप लागली होती. मी पोटाच्या वरच्या बाजूने आयव्हीसी बघितली, प्रत्येक श्वासाला ती जवळजवळ मिटत होती. मला हायसं वाटलं, कारण आता काय करायचं ते ठरलं होतं. तीन तासांत तीन लिटर दिलं. चौथ्या तासाला तो उठून बसला, तोंडाला गुलाबी फेस आला. मग मी पहिल्यांदा प्रोब छातीवर ठेवला. एलव्ही (हृदयाचा डावा मुख्य कप्पा) जेमतेम हलत होता, ईएफ वीसच्या आसपास. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. आयव्हीसी मिटत होती ती रिकामी म्हणून नव्हे. जीव खाऊन श्वास घेणाऱ्या माणसाच्या छातीतला दाब इतका खाली जातो की भरलेली आयव्हीसीसुद्धा आत ओढली जाते. तो मुलगा वाचला, नऊ दिवस व्हेंटिलेटरवर राहून. त्याची आई रोज सकाळी सात वाजता आयसीयूच्या दाराशी येऊन उभी राहायची. तेव्हापासून हृदय बघितल्याशिवाय मी आयव्हीसीकडे वळत नाही.

म्हणून पहिली नजर हृदयावर, आणि तीही आकड्यांशिवाय. पॅरास्टर्नल, एपिकल, सबकॉस्टल, जिथून दिसेल तिथून दोन मिनिटं नुसतं बघा. डोक्यात एकच शोध हवा: इथे पाणी मारक ठरेल असं काही आहे का?

एलव्ही मंद असेल तर ते कुणालाही दिसतं. आरव्ही (उजवा मुख्य कप्पा) मात्र हमखास सुटतो. चार कप्प्यांच्या व्ह्यूमध्ये आरव्ही नेहमी एलव्हीच्या दोनतृतीयांशापेक्षा कमी दिसायला हवा. तो एलव्हीच्या बरोबरीला आला, टोकाला एलव्हीऐवजी आरव्हीच दिसायला लागला, शॉर्ट ॲक्सिसमध्ये मधला पडदा सपाट होऊन एलव्ही इंग्रजी डी अक्षरासारखा झाला, की बोलसला हात लावू नका. फुफ्फुसात मोठी गुठळी असो की व्हेंटिलेटरच्या खूप जास्त पीपमुळे (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवलेल्या दाबामुळे) आरव्ही दमलेला असो, फुगलेल्या आरव्हीत अजून पाणी गेलं की तो पडद्याला डावीकडे ढकलतो, एलव्हीत भरायला जागाच उरत नाही आणि बीपी आणखी पडतं. टॅप्से (आवळताना आरव्हीचं बूड किती सरकतं ते माप) १७ मिलिमीटरच्या खाली असेल तर शंका पक्की होते. पण मला आकड्याआधी आकार दिसतो, आणि आकारावरच मी थांबतो.

हृदयाभोवती पाणी आहे का तेही याच नजरेत कळतं. टॅम्पोनाडमध्ये, म्हणजे त्या पाण्याने हृदय दाबलं गेलं असेल तर, सलाईन थोडा वेळ मिळवून देतं. खरा उपचार सुईच.

आता एक असा प्रकार, जो मी दहा वर्षं ओळखलाच नव्हता. वयस्कर बाई, जुनं ब्लडप्रेशर, भिंती जाड, लघवीच्या इन्फेक्शनमुळे शॉक (अवयवांना रक्त अपुरं पडणं). आपण नॉरॲड वाढवतो, बीपी हलत नाही, मग ॲड्रेनलिन किंवा डोब्युटामिन जोडतो आणि बीपी आणखी घसरतं. इकोवर लहानसा, जोरजोरात आवळणारा एलव्ही दिसतो आणि मायट्रल झडपेचं पुढचं पान सिस्टोलमध्ये (हृदय आवळताना) पडद्याकडे ओढलं जातं. रक्त बाहेर पडायची वाटच आतून आवळली जातेय. या पेशंटला पाणी हवं असतं आणि हृदयाला चाबूक मारणारं औषध काढून टाकायचं असतं. ॲड्रेनलिन बंद करून ५०० मिली दिल्यावर वीस मिनिटांत नॉरॲड निम्मं झालेलं मी बघितलंय. इको नसतं तर डोस वाढत वाढत पेशंट गेला असता, आणि सर्टिफिकेटवर सेप्टिक शॉक लिहिलं गेलं असतं.

याच्या बरोबर उलट चित्र कोकणात दिसतं. लाल विंचू चावलेलं मूल हातपाय गार, घामाघूम, कधी बीपी खूप वाढलेलं तर कधी पडलेलं असं येतं. गार हात बघून सलाईन सोडायचा मोह होतो. विषामुळे हृदय थकलेलं असतं आणि फुफ्फुसात पाणी व्हायच्या बेतात असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनने या मुलांचं चित्र पालटलं, ते प्रोबशिवाय, पेशंटच्या उशाशी बसून. आज आपल्याकडे प्रोब आहे. अशा मुलाला सलाईन सोडण्याआधी अर्धा मिनिट एलव्ही बघणं एवढं तरी आपण करायलाच हवं.

डिहायड्रेशन समोर दिसत असेल, जुलाब-उलट्या झाल्या असतील, रक्त गेलं असेल, तर इकोसाठी एक मिनिटही दवडू नका. सलाईन किंवा रक्त चालू करा, प्रोब मागून येईल. सेप्सिसमध्येही सुरुवातीचे किलोमागे ३० मिली ही सूचना तीन तासांत द्यायच्या ढोबळ मापाची आहे. तुमच्या पेशंटचे ते १८०० मिली होतात, म्हणजे ते झालेत. इकोचा खरा उपयोग आता, दोन लिटरनंतर, सुरू होतो. शॉकमधल्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांचंच हृदय पाण्याला प्रतिसाद देतं, आणि सुरुवातीचं पाणी झाल्यावर उरलेल्यांत हे प्रमाण आणखी कमी होत जातं.

पहिल्या नजरेत मारक काही नसेल तर दुसरं काम: एका धडकेत (ठोक्यात) हृदय किती मिली रक्त पुढे ढकलतं ते बघणं. त्यासाठी व्हीटीआय शिका. बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल. एपिकल चार कप्प्यांचा व्ह्यू मिळाल्यावर प्रोबची शेपटी थोडी खाली केली की महाधमनीचं तोंड उघडून पाच कप्पे दिसतात. पल्स्ड डॉपलरचा ठिपका झडपेच्या जरा खाली, अर्धा ते एक सेंटीमीटर आत ठेवा. रेषा रक्ताच्या प्रवाहाला समांतर हवी, वीस अंशांपेक्षा जास्त कोन नको. चांगल्या ट्रेसमध्ये झडप बंद होण्याची बारीक उभी रेघ दिसते, उघडण्याची दिसत नाही. आता त्या त्रिकोणाची कड गिरवा. जे सेंटीमीटर येतील ते म्हणजे एका धडकेत रक्ताचा दांडा किती पुढे सरकला. साधारण १८ ते २२ हे ठीक. एलव्हीओटीचा (एलव्हीतून रक्त बाहेर पडायच्या वाटेचा) व्यास दोन सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ ३.१४, आणि व्हीटीआय १३ असेल तर एका धडकेला सुमारे ४१ मिली रक्त पुढे जातं.

व्यास मोजताना एक-दोन मिलिमीटरची चूक झाली की तिचा वर्ग होऊन उत्तरात शिरते. म्हणून एकदा मोजा आणि सोडून द्या, किंवा मोजूही नका. व्यास तासाभरात बदलत नाही. बदलतो तो व्हीटीआय, आणि आपल्याला बदलच बघायचा आहे. तीन ते पाच ठोक्यांची सरासरी घ्या, एएफ (अनियमित ठोके) असेल तर आठ-दहा ठोके. दर वेळी ठिपका त्याच जागी, श्वास सोडलेल्या अवस्थेत. माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना मी पहिल्या ट्रेसचा फोटो काढून ठेवायला लावतो, म्हणजे दुसऱ्या वेळी खोली तीच आहे का ते ताडता येतं.

आता पाय वर करून बघण्याची परीक्षा. एक थेंबही न देता बोलस देऊन पाहण्याची ही युक्ती आहे. पायांतलं आणि पोटातलं साधारण ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं आणि परत नेताही येतं. पण ती नीट करायला हवी. गेल्या महिन्यातली एक रात्र सांगतो. पंचेचाळीस वर्षांच्या बाई, मूत्रमार्गातून सेप्सिस, दीड लिटर गेलेलं, नॉरॲडवर मीन प्रेशर ६५. पलंगाला मोटार नव्हती, हँडलचा होता. बाईंना आधी ४५ अंशांवर बसतं केलं आणि तिथला व्हीटीआय घेतला: १३. मग वॉर्डबॉय मामांनी डोक्याकडचं हँडल भराभर फिरवून पाठ सपाट केली, आणि त्याच वेळी सिस्टर आणि मावशींनी टाचांखाली हात घालून पाय सरळ उचलून धरले. माझा प्रोब छातीवरून हलला नाही. पाठ सपाट झाल्यावर खिडकी थोडी सरकते, तेवढा एक सेंटीमीटर शोधावा लागला. पन्नास सेकंदांनी व्हीटीआय १५.६. पाय खाली, पाठ वर, दोन मिनिटांनी पुन्हा १३.२. वाढ वीस टक्के, आणि परत मूळ जागी आली म्हणजे वाढ खरी.

२५० मिली आरएल दहा मिनिटांत दिलं. व्हीटीआय १५. अजून २५० दिलं, १६. पुन्हा पाय वर केले: १६ चे १६.४. एवढा फरक हाताच्या चुकीतही येतो. तिथे थांबलो, बाटली काढायला सांगितली. त्या रात्री बाईंना पुढे बोलस लागला नाही.

परीक्षेच्या काही अटी मनात पक्क्या असू द्या. सुरुवात सपाट झोपवून केली तर पोटातलं रक्त हिशेबात येत नाही आणि परिणाम फिका पडतो. दुखलं, खोकला आला, सक्शन केलं, तर नाडी आणि बीपी वाढतं आणि आपण फसतो. म्हणून नाडी वाढली तर ती परीक्षा बाद समजा. परिणाम पहिल्या मिनिटभरात बघा, पाच मिनिटांनी बघून उपयोग नाही. बीपीवर विसंबू नका, कारण बीपी रक्तनळ्यांच्या आवळण्यावरही चालतं. व्हीटीआय दहा-पंधरा टक्के वाढला तरच हो म्हणायचं. पोट ताणून दगड झालेलं असेल तर नकारावर विश्वास नको. डोक्याला मार असेल, मांडी किंवा कंबरेचं हाड मोडलेलं असेल तर करूच नका. अशा वेळी १०० मिली एका मिनिटात देऊन व्हीटीआय बघतो. तेवढ्याने कुणी बुडत नाही.

आता आयव्हीसी, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं. तिला मी टाकून दिलेली नाही. जाड, २.१ सेंटीमीटरपेक्षा मोठी, न हलणारी आयव्हीसी दिसली तर मी सावध होतो: उजव्या बाजूला दाब साठलाय, अजून पाणी देण्याआधी कारण शोधायचं. अगदी दोरीसारखी, एक सेंटीमीटरच्या आतली, मिटणारी आयव्हीसी, आणि शेजारी लहान एलव्ही असेल, तर पाणी चालेल असं वाटतं. मधल्या सगळ्या पेशंटमध्ये, आणि तुमचे १.४ सेंटीमीटर, चाळीस टक्के अगदी मधे येतात, ती काहीच सांगत नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी बारा टक्के, अठरा टक्के असे आकडे २००४ च्या सुमारास आले. ते गाढ झोपवलेल्या, मोठे श्वास दिलेल्या, नियमित ठोक्यांच्या पेशंटवरचे होते. आज आपण किलोमागे सहा मिलीचे श्वास देतो, पेशंट अधूनमधून स्वतः श्वास ओढतो. पुढे फ्रान्समध्ये साडेपाचशेच्या आसपास व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवर एकत्र तपासणी झाली, तेव्हा आयव्हीसीच्या हालचालीवरून पाण्याला प्रतिसाद ओळखणं बेताचंच निघालं. आणि एक साधी चूक तर मी दर महिन्याला बघतो: सबकॉस्टलमध्ये महाधमनीच आयव्हीसी म्हणून मोजलेली असते. ती नळी उजव्या कर्णिकेत जाते का, हे आधी बघा. शिवाय खोल श्वासाबरोबर आयव्हीसी प्रोबच्या पातळीतून बाजूला सरकते आणि मिटल्यासारखी भासते. तेव्हा आडवी फिरवून एकदा खात्री करा.

जोरात आवळणाऱ्या एलव्हीबद्दलही असंच. पॅपिलरी स्नायू एकमेकांना टेकले म्हणजे पेशंट कोरडा, असं सर्रास म्हटलं जातं. सेप्सिसमध्ये नळ्या सैल पडल्या की एलव्हीला समोर अडथळाच उरत नाही, मग भरलेला एलव्हीसुद्धा पूर्ण रिकामा होतो. म्हणून आवळलेला आकार बघू नका, भरलेल्या अवस्थेतला बघा. डायस्टोलच्या (हृदय भरण्याच्या) शेवटीही एलव्ही लहान असेल तर पाणी कमी आहे. डायस्टोलमध्ये नीट भरतोय आणि सिस्टोलमध्ये मिटतोय, तर नॉरॲड कमी पडतंय. हा एक फरक कळला की निम्मे अनावश्यक बोलस वाचतात, असा माझा अनुभव आहे.

समजा पाय वर केले, व्हीटीआय वीस टक्के वाढला. मग द्यायचंच? इथे मी तरुण डॉक्टरांशी नेहमी वाद घालतो. तुमचं आणि माझं, आपल्या दोघांचंही व्हीटीआय पाय वर केल्यावर वाढेल. निरोगी हृदय पाण्याला प्रतिसाद देतंच, म्हणून आपल्याला सलाईन लागत नाही. प्रतिसाद म्हणजे परवानगी, गरज वेगळी सिद्ध करावी लागते. गरज हातात बघा. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला काचेची स्लाइड दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा, लाली परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्त पोचत नाहीये. २०१९ च्या अँड्रोमेडा शॉक चाचणीत या साध्या बोटाने लॅक्टेटच्या (रक्ततपासणीच्या) तोडीस तोड काम केलं, पैसे न घेता, अर्ध्या मिनिटात. बोट गरम, लाली दोन सेकंदांत परत, लघवी सुरू, आणि फक्त बीपी कमी: अशा पेशंटला पाण्याची नाही, नॉरॲडची गरज आहे, व्हीटीआय कितीही वाढो.

आणि सहनशक्ती फुफ्फुसात बघा. बोलसच्या आधी छातीच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे प्रोब ठेवा. नुसत्या आडव्या रेषा दिसत असतील तर ठीक. बोलसनंतर तिथेच वरून खाली धावणाऱ्या बी-लाइन्स नव्याने उगवल्या, तर व्हीटीआय काहीही म्हणो, थांबा. न्यूमोनियाच्या बाजूला बी-लाइन्स आधीपासूनच असतात, म्हणून निरोगी बाजू आधी बघून लिहून ठेवायची. फ्रान्सचे डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी हा फुफ्फुसाचा अल्ट्रासाउंड आयसीयूत रुजवला. मला स्वतःला तो स्टेथोस्कोपपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

डेंग्यूचं थोडं वेगळं आहे, आणि पावसाळ्यात तुम्हाला ते सर्वांत जास्त लागेल. तिथे पाणी नळ्यांतून गळत असतं, तेही साधारण २४ ते ४८ तासच. त्या काळात एलव्ही लहान, आयव्हीसी बारीक, पित्ताशयाची भिंत सुजलेली, उजव्या छातीत पाण्याची पट्टी दिसते. या काळात हात आखडू नका, पण दर तासा-दोन तासांनी हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय ते) आणि व्हीटीआय दोन्ही बघत मोजून द्या. गळती थांबल्यावर छातीतलं, पोटातलं पाणी परत नळ्यांत येतं. नाडी भरते, लघवी वाढते, आयव्हीसी जाड होते. इथे कुणीतरी बाटली बंद करायची विसरतं आणि बरा होत आलेला मुलगा धापा टाकायला लागतो. तेव्हा आयव्हीसी खरंच उपयोगी पडते: काल बारीक, आज जाड, म्हणजे सलाईन बंद.

मशीनबद्दल दोन शब्द. हातात मावणारे प्रोब आता बरे मिळतात, पण त्यांतल्या काहींवर पल्स्ड डॉपलर नसतो, आणि मग व्हीटीआय निघत नाही. घेण्याआधी तेवढं विचारा. आणि हृदयासाठी घेतलं तरी मशीनची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानविरोधी) कायद्याखाली नोंदणी आधी करून घ्या. खिशात घालून दुसऱ्या हॉस्पिटलला नेण्याचा विचारही नको. हात बसायला माझ्या अंदाजाने पंचवीस-तीस पेशंट लागतात, रोज एक, शॉक नसलेल्यांवरसुद्धा. रात्री तीन वाजता पहिल्यांदा पाच कप्पे शोधायला बसलात तर ते सापडणार नाहीत.

आता तुमचे ५८ वर्षांचे गृहस्थ. नॉरॲडवर मीन प्रेशर ६५ झालं की त्यांना ४५ अंशांवर बसवून एलव्ही आणि आरव्ही बघा. मधुमेह आहे, तेव्हा एखादी भिंत कमी हलतेय का तेही बघा आणि ईसीजी काढा, कारण अशा पेशंटला छातीत न दुखता झटका येतो. डाव्या, निरोगी फुफ्फुसावर बी-लाइन्स आहेत का ते लिहा. बोटाची लाली मोजा. ती तीन सेकंदांच्या आत असेल तर इथेच थांबा, बोलस नको. तीनपेक्षा जास्त असेल आणि आरव्ही ठीक असेल, तर मामांना बोलवा, पाय वर करा. व्हीटीआय पंधरा टक्के वाढला तर २५० मिली, आणि दहा मिनिटांनी पुन्हा व्हीटीआय, पुन्हा डावं फुफ्फुस, पुन्हा बोट. वाढला नाही आणि व्हीटीआय १४ च्या खाली, एलव्ही मंद असेल, तर थोडं डोब्युटामिन लावून अर्ध्या तासाने तोच त्रिकोण पुन्हा गिरवा. व्हीटीआय २० असेल आणि प्रेशर तरीही खाली, तर नॉरॲड वाढवा आणि व्हॅसोप्रेसिनची तयारी ठेवा. अँटिबायोटिकचा पहिला डोस गेलाय ना, ते सिस्टरना एकदा विचारा. आणि केसपेपरवर 'आयव्हीसी कोलॅप्सिंग' असं लिहू नका. 'व्हीटीआय १३, पाय वर केल्यावर १५.६, वेळ २.४०' असं लिहा, म्हणजे सकाळी आठला ड्युटीवर येणाऱ्याला तुम्ही कुठे थांबलात आणि का थांबलात ते कळेल.